गुळगुळीत बाजू आत

माझ्या नणंदेला लोकांच्या अंगणात रांगताना मी पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा धरणीनं पोटात घेतलं तर बरं असं मला झालं होतं. पन्नाशीला टेकलेली बाई, घट्ट अंबाडा, कानामागे पेन्सिल, गुडघ्यांना जुन्या रजईच्या गाद्या बांधलेल्या, आणि चालली आहे आपली चारी हातापायांवर कुंपणाच्या कडेकडेनं. घरमालक हाताची घडी घालून दारात उभा. त्याची बायको तोंडावर हात ठेवून हसतेय. ताई मध्येच थांबायच्या, मान तिरकी करायच्या, नाक जवळजवळ मातीला लावायच्या आणि म्हणायच्या, इथून जाणार. मग खिशातल्या खडूनं तिथे फुली मारून पुढे.

हा त्यांचा नियम. आतून रांगून बघितल्याशिवाय त्या कुंपणाचं काम हातात घेत नाहीत, मग समोर कोणीही असो. माणूस रस्त्यावर उभा राहून कुंपण बघतो आणि छान दिसतंय म्हणतो. कुत्र्याला छान दिसण्याशी काय घेणंदेणं? त्याला वाट हवी. म्हणून ताई फळ्यांची गुळगुळीत बाजू आत घेतात आणि आडव्या पट्ट्या बाहेरून ठोकतात, कारण आतल्या पट्टीवर पाय ठेवून कुत्रं वर चढतं. फळ्यांखालची जाळी त्या जमिनीशी संपवत नाहीत. तिला काटकोनात वळवून हातभर अंगणाच्या बाजूला मातीखाली पुरतात. उकरणारा पठ्ठ्या कुंपणाच्या बुडाशीच उकरतो, नखांना जाळी लागली की कंटाळून सोडून देतो. फाटकाखाली दगडी उंबरा. वरच्या कडेला सैल फिरणारा पाइप, म्हणजे पंजे टेकवले की पाइप फिरतो आणि स्वारी परत आत. कुंपणाला टेकून लाकडं, बादली, मोडकी खुर्ची काही म्हणजे काही ठेवायचं नाही. ठेवलेलं दिसलं तर ताई मालकाला त्याच्याच अंगणात फैलावर घेतात. शेळ्या, ससे, कोंबड्या, सगळ्यांची कुंपणं त्यांनी केलीत. एका बोकडानं फाटकाला बांधलेली दोरीच खाऊन टाकली होती, त्याचं कौतुक त्या अजून करतात. एका कासवानं त्यांना तीनदा हरवलं, तो विषय त्यांच्यासमोर काढायचा नाही.

हे सगळं त्या कुठे शिकल्या म्हणाल तर रागानं शिकल्या. कोणी सांगेल प्राण्यांच्या प्रेमानं, हौसेनं. काही नाही. रागानं. मी घरातली आहे, मला माहीत आहे, आणि त्या रागात एक वाटा माझाही आहे.

तेव्हा ताई शिवणकाम करायच्या. आमच्या घरामागच्या दोन खोल्या त्यांच्या, पुढच्या खोलीत मशीन, तेच दुकान, आणि बाजूनं रस्त्याला लागून त्यांचं अंगण. लग्न केलं नाही. का केलं नाही असं विचारायची हिंमत आमच्या ह्यांनाही, म्हणजे त्यांच्या सख्ख्या धाकट्या भावालाही, कधी झाली नाही. दोऱ्यांच्या रिळांच्या खोक्यात कोणीतरी एक पिल्लू दुकानाच्या पायरीवर सोडून गेलं, त्याला त्यांनी ठेवून घेतलं. गोल काळं नाक म्हणून नाव बटण. बटण मशीनच्या पायडलशी झोपायचा आणि कापडाच्या चिंध्या तोंडात धरून घरभर मिरवायचा. ताई माणसांशी तुटक बोलायच्या, पण त्याच्याशी सकाळपासून संध्याकाळपर्यंत गप्पा. मला कधी कधी त्या कुत्र्याचा हेवा वाटायचा, खोटं कशाला बोलू.

रस्त्यावर ट्रक वाढले तेव्हा ताईंनी अंगणाला कुंपण घालून घ्यायचं ठरवलं. गावातला एकुलता एक मोठा कंत्राटदार बोलावला. त्याला सगळे मागून कडक इस्त्री म्हणायचे. पँटची घडी अशी, की माशी बसली तर कापली जाईल. त्यानं सुरेख कुंपण घातलं. रस्त्याच्या बाजूनं एकसारख्या गुळगुळीत फळ्या, वरची कड लाटेसारखी कापलेली, आणि फाटकावर त्याच्या नावाची छोटी पत्र्याची पाटी. आडव्या पट्ट्या सगळ्या आतल्या अंगाला, कारण त्या दिसायला वाईट. गल्लीतले लोक थांबून बघायचे. ताईसुद्धा खूश होत्या.

दोन महिन्यांनी एका दुपारी ताई शिवलेले कपडे पोचवायला गेल्या. अर्ध्या तासाचं काम. तेवढ्यात बटण रस्त्यावर गेला आणि ट्रकखाली आला. समोरचा न्हावी दाढी अर्धी टाकून धावला, त्याला उचलून त्यानं अंगणात आणून ठेवलं. ताई परत आल्या तेव्हा फाटक सताड उघडं, अंगणात दहा माणसं, आणि मधोमध बटण. न्हावी फाटक नुसतं ढकलून आत आला की कडी काढून, हे त्याला नंतर काही केल्या आठवेना. बिचारा रक्तानं भरला होता, त्याला तरी काय बोलणार?

तासाभरात कडक इस्त्री हजर. त्यानं कुंपण दोन्ही हातांनी हलवून दाखवलं, एकही फळी हलली नाही. मग सगळ्या गल्लीदेखत तो ताईंना म्हणाला, "बाई, फाटक उघडं राहिलं तर कुंपण काय करणार?"

आमच्या ह्यांनी मान डोलावली. मुद्दाम नाही, त्यांना सवयच आहे कोणी ठामपणे बोललं की मान डोलवायची. पण डोलावली, आणि ताईंनी ती बघितली.

आता ताई कशा, तर दुकानाला कुलूप लावून निम्म्या वाटेतून परत येऊन कुलूप ओढून बघणाऱ्या. त्यांच्या हातून कडी राहील? पण सगळं गाव एक म्हणायला लागलं की माणसाचा स्वतःवरचा विश्वास उडतो. त्यानंतर दोन-तीन दिवस मी खिडकीतून बघत होते. ताई रिकामी पिशवी घेऊन फाटकाबाहेर जायच्या, कडी लावायच्या, चार पावलं चालायच्या, परत यायच्या. पुन्हा तेच. त्यांच्या हाताला काही आठवतंय का ते बघत होत्या. तेव्हा मी जाऊन गप्प शेजारी उभी राहिले असते तरी पुष्कळ झालं असतं. मी काय केलं? मी चहा घेऊन गेले आणि विचारलं, "ताई, कडी नक्की लावली होती ना तुम्ही?"

त्यांनी चहा घेतला नाही. अकरा महिने त्या माझ्याशी कामापुरतंही बोलल्या नाहीत.

चौथ्या दिवशी बटणचा चेंडू शोधायला त्या अंगणात गुडघ्यांवर वाकल्या. आणि तिथून, त्या उंचीवरून, त्यांना दिसलं. खालच्या आडव्या पट्टीवर नखांचे ओरखडे. वरच्या पट्टीवर ओरखडे. आणि लाटेच्या अगदी खोलगट भागात, जिथे कुंपण सगळ्यात बुटकं, तिथे फळीच्या कुसळात अडकलेले चार केस. कडक इस्त्रीनं देखणं कुंपण घातलं होतं आणि आतून शिडी लावून दिली होती.

ताईंनी त्याला बोलावून दाखवलं. तो खाली वाकलासुद्धा नाही. पँटची घडी मोडली असती ना. उभ्याउभ्याच म्हणाला की कुत्री पट्टीवर पाय ठेवून रस्त्याची गंमत बघतात, त्यात विशेष काय. बाहेर जाऊन त्यानं चहाच्या टपरीवर सांगितलं की कुत्रं गेल्यापासून बाईच्या डोक्यावर परिणाम झालाय. हे माझ्या कानावर आलं तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण मी कोणत्या तोंडानं बोलणार होते? मी स्वतःच विचारून बसले होते.

त्या संध्याकाळी ताईंनी फाटकावरची त्याची पत्र्याची पाटी स्क्रू काढून सोडवली आणि बटणांच्या डब्यात ठेवून दिली. मग शिवणयंत्र विकून टाकलं आणि ड्रिल आणलं.

नऊ वर्षं. लोक राग धरतात तो आठ दिवस, फार तर महिनाभर. आमच्या ताईंनी नऊ वर्षं तो रोज सकाळी उठून कामावर नेला. आधी कोपऱ्यावरच्या वेल्डरकडे बसून जाळी कशी कापायची, खांब कसा ओळंब्यात रोवायचा ते शिकल्या. स्वतःचं कुंपण उतरवून त्याच फळ्या उलट्या लावल्या. मग कडक इस्त्रीनं जिथे जिथे कुंपण घातलं होतं त्या प्रत्येक गल्लीतून त्या संध्याकाळी फिरायला जायला लागल्या. काही बोलायच्या नाहीत. फाटकाशी थांबायच्या, आतल्या कुत्र्याकडे बघायच्या, कुंपणाकडे बघायच्या, आणि एक सुस्कारा टाकून पुढे. त्या सुस्काऱ्यानं लोकांची झोप उडायची. दुसऱ्या दिवशी मालकीणबाई दारात हजर, ताई, तुम्ही काल काय बघितलंत हो?

असं एकेक गिऱ्हाईक त्यांनी त्याच्या हातातून काढून घेतलं. नवीन लाकूडसुद्धा आणायच्या नाहीत. त्याच्याच फळ्या, त्याचेच खांब, फक्त आतलं बाहेर करायचं. उलटं शिवलंय मेल्यानं, सरळ करतेय, एवढंच म्हणायच्या. अकरा महिन्यांनंतर मी सामानाची पिशवी धरायला जायला लागले. त्यांनी ये म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. पिशवी तेवढी माझ्याकडे दिली.

तुम्ही म्हणाल, त्या माणसानं एवढ्या वर्षांत पट्ट्या बाहेरून लावायला सुरुवात का केली नाही? अहो, केली असती तर कबूल केल्यासारखं झालं असतं. म्हणून तो अधिकच हट्टानं आतून ठोकत राहिला. गिऱ्हाइकं गेली तरी ठोकत राहिला. स्वतःच्या घराचं कुंपणसुद्धा त्यानं तसंच ठेवलं.

आणि मग त्याच्या सुनेनं कुत्रा आणला.

ती सून आमच्याकडे आली तेव्हा मी तिथेच तारेचे तुकडे वेगळे करत बसले होते. पोरगी चांगली होती, डोळे सुजलेले. कुत्रा पंधरा दिवसांत तीनदा बाहेर गेला होता, शेवटच्या वेळी हमरस्त्यावर सापडला. ताईंनी ऐकून घेतलं. मग शांतपणे म्हणाल्या, फाटक उघडं राहिलं असेल. नऊ वर्षं हे वाक्य त्या तोंडात घोळवत होत्या, मला दिसलं ना. मलाही बरं वाटलं, अगदी गार वाटलं.

सून मान खाली घालून म्हणाली, "सासरेबुवाही तेच म्हणतात. मी वेंधळी आहे म्हणतात. पण मी कडी लावते हो, दोनदोनदा बघते. आता माझं मलाच कळेनासं झालंय."

ताईंच्या हातातली पक्कड थांबली. मला वाटलं, आता उठतील आणि सामान घेऊन निघतील. पण नाही. राग असा एका दमात सोडणाऱ्या असत्या तर त्या आमच्या ताई कसल्या? त्यांनी निरोप दिला की कुंपण करून देईन, पण सासऱ्यांनी स्वतः येऊन सांगायचं, आणि रांगायचं त्यांनी. माझ्याबरोबर. पूर्ण अंगण.

तीन दिवस तो आला नाही. त्या तीन दिवसांत सुनेनं कुत्र्याला घरात बांधून ठेवलं, रडून रडून त्याचा आवाज बसला. चौथ्या दिवशी दोरी तोडून पुन्हा पसार, आणि परत आला तो एक पाय उचलून लंगडत. सुनेनं सासऱ्यांना काय सुनावलं माहीत नाही, पण संध्याकाळी कडक इस्त्री आमच्या फाटकाबाहेर उभा होता. म्हातारा झाला होता. पँटची घडी मात्र तशीच. बाई, रविवारी या, एवढंच म्हणाला आणि गेला.

रविवारी सकाळी मी चांगले कपडे घालून गेले. आमच्या ह्यांना पण नेलं, ते नको नको म्हणत होते तरी. बातमी पसरलेलीच होती. शेजारपाजारचे लोक कुंपणाबाहेर कोपरं टेकवून उभे, त्यात न्हावीही. ताईंनी गुडघ्यांना गाद्या बांधल्या. माझ्या पिशवीत जादा जोड होता. त्यांनी मागितला नाही, मीही काढला नाही. ऊन होतं, खाली खडी होती, आणि मी पिशवीचा बंद घट्ट धरून उभी राहिले.

आधी त्यांनी सगळ्यांदेखत फाटकाची कडी लावली आणि न्हाव्याला ओढून बघायला सांगितली. मग म्हणाल्या, चला.

तो खाली बसला, आधी एक गुडघा, मग दुसरा, आणि हात मातीत टेकले. कोणी हसलं नाही. मला वाटलं होतं हसतील. कुत्र्याला मात्र ही भारी मजा वाटली, लंगडता पाय विसरून तो त्याच्या भोवती नाचायला लागला आणि त्याचा कान चाटायला लागला. ताई पुढे, म्हातारा मागे. दर चार हातांवर ताई थांबायच्या आणि विचारायच्या, काय दिसतंय? तो म्हणायचा, काही नाही. पुन्हा पुढे. मागच्या बाजूच्या लाटेपाशी आल्यावर ताईंनी त्याला पुढचे हात उचलून समोर जे येईल त्यावर ठेवायला सांगितले. समोर आली खालची पट्टी. मग वरची. मग कड. म्हातारा गुडघ्यांवर तसाच, हात कडेवर ठेवून, धापा टाकत. स्वतःच ठोकलेल्या शिडीवर त्याचे हात होते.

कुत्र्याला वाटलं, आपल्याला वाट दाखवतायत. तो त्याच्या शेजारून उसळला, खालच्या पट्टीवर पाय, वरच्या पट्टीवर पाय, आणि कड ओलांडून पलीकडे. कुंपणाबाहेरून मागे मागे आलेल्या न्हाव्यानं तिथल्या तिथे त्याला कवेत धरला. सगळं एवढ्यात झालं, की सुनेला ओरडायलाही सवड मिळाली नाही. फाटकाची कडी जागच्या जागी होती. सगळ्यांनी आधी कुत्र्याकडे बघितलं आणि मग कडीकडे.

सून रडायला लागली. म्हातारा हात खाली घेऊन मातीकडे बघत बसला. तसाच पुटपुटला, "त्या दिवशी कडी लावलेली होती, बाई."

"मोठ्यानं," ताई म्हणाल्या. "तिकडे माझा भाऊ उभा आहे, त्याला ऐकू गेलं नाही."

त्यानं पुन्हा म्हटलं. आमचे हे रुमालानं चष्मा पुसत राहिले, पुसत राहिले.

"अजून मोठ्यानं," ताई म्हणाल्या. त्या माझ्याकडे बघत होत्या. "माझ्या भावजयीला पण ऐकायचंय."

तिसऱ्यांदा त्यानं ते म्हटलं तेव्हा मला कुठे बघू कळेना. इतकी वर्षं मी समजत होते की हा सूड आम्ही दोघी मिळून उगवतोय. मी पिशवी धरत होते ना. पिशवी उघडून मी जादा गाद्या काढल्या आणि म्हाताऱ्यापुढे टाकल्या, पण आता त्यांचा काही उपयोग नव्हता. सुनेनं त्याला हात देऊन उठवलं. पँटच्या दोन्ही गुडघ्यांना भोकं पडली होती.

दोन दिवसांत ताईंनी कुंपण उलटवलं. काम चोख, नेहमीपेक्षाही चोख. पट्ट्या बाहेर, गुळगुळीत बाजू आत, लाट कापून सरळ केली, वर पाइप, खाली जाळी. शेवटी त्यांनी खिशातून ती जुनी पत्र्याची पाटी काढली आणि फाटकाच्या आतल्या अंगाला, जमिनीपासून वीतभर उंचीवर बसवली. पाठ पुढे करून. पाठीवर त्यांनी खिळ्यानं टोचून लिहिलं होतं, कडी लावलेली होती. ते त्यांनी रविवारच्या आदल्याच दिवशी लिहून ठेवलं होतं, मला माहीत आहे, ठोकण्याचा आवाज मी भिंतीपलीकडून ऐकला होता. ती वाचायची तर माणसाला गुडघ्यांवर बसावं लागतं. कुत्र्याला सहज दिसते. म्हाताऱ्यानं ती काढायला सांगितली नाही. सुनेनं तर तिच्यावरची माती पुसून घेतली.

घरी येताना आम्ही दोघीच होतो. पिशवी माझ्या खांद्यावर, पहार त्यांच्या. आमची गल्ली आली तसं मला राहवेना. मी म्हटलं, ताई, तेव्हा मी तसं विचारायला नको होतं.

"नको होतं," त्या म्हणाल्या.

थोडं चालल्यावर त्यांनी खांदा बदलला, मग थांबून पहार माझ्या हातात दिली. चांगली जड होती. फाटकाशी पोचल्यावर त्या आधी आत गेल्या आणि म्हणाल्या, "कडी लाव."

मी लावली. त्या परत आल्या आणि ओढून बघितली.